सांडशीची कडी



हैदराबादला गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी मुसी नदीकाठचे सालारजंग संग्रहालय पाहिले असेल. १९५१ साली दिवाण देवडीत सुरू झालेले हे संग्रहालय १९६८ साली आजच्या इमारतीत आले. तेथे एक प्रसिद्ध घड्याळ आहे. तास भरत आला की त्याच्यापुढे गर्दी जमते, लहान मुले वडिलांच्या खांद्यावर बसतात. तास भरला की घड्याळातल्या छोट्या दारातून एक बाहुला बाहेर येतो, जितके वाजले तितके टोले देतो आणि आत निघून जातो. गर्दीही पांगते. त्याच घड्याळात आणखी एक बाहुला आहे, त्याच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तो लोहार आहे. हातात हातोडा घेऊन तो सेकंदासेकंदाला घाव घालीत असतो. टोले देणाऱ्याला तासाला एकदा काम. या लोहाराला क्षणाची उसंत नाही.

पण तो बाहुला यंत्राचा आहे. त्याला खांदा दुखत नाही, कोपर सुजत नाही. चावी दिली की झाले. परमेश्वराने आपल्याला चावीचे शरीर दिलेले नाही. ही साधी गोष्ट मला एका भक्ताच्या दुखऱ्या हाताने शिकवली, आणि ती कळण्याआधी माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक आपणासमोर ठेवावी, म्हणून या महिन्याचे हे चिंतन.

हे भक्त हैदराबादचे. घराणे मूळचे उदगीरकडचे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या काळी आपल्याकडच्या अनेक घरांतील मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी हैदराबादेसच जात. यांचे आजोबा तसेच गेले आणि तिथलेच झाले. यांनी स्वतः आयुष्यभर बँकेत हिशेब लिहिले. सेवानिवृत्तीनंतर एकदा नातवाला घेऊन ते संग्रहालयात गेले. नातवाने टोल्यांकडे पाहिलेच नाही. तो त्या लोहाराकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, हा इतका वेळ ठोकतोय, पण बनवतोय काय?"

त्या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले. त्यांनी मला लिहिले होते, "स्वामीजी, मीही आयुष्यभर आकडे ठोकले. हातात घेऊन दाखवावे असे काही बनवले नाही." शहराच्या कडेला एका वृद्ध लोहाराची भट्टी होती. तेलुगूत लोहाराला कम्मरी म्हणतात, कन्नडात कम्मार. हे त्या कम्मरींकडे गेले आणि "मला शिकवा" म्हणाले. वयाच्या साठीत, बँकेतून उतरलेला माणूस एका लोहारापुढे विद्यार्थी म्हणून बसला. मला फार आनंद झाला. पहिल्या महिन्यात त्यांनी भिंतीत ठोकायचा एक आकडा बनवला, दुसऱ्या महिन्यात एक खुरपे. ते खुरपे त्यांनी मला टपालाने पाठवले. वाकडे होते, पण त्यांच्या हातचे होते.

तिसऱ्या महिन्यात पत्र आले, त्यातले अक्षर ओळखू येईना. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, तांब्या उचलता येत नाही, नळ पिळता येत नाही. डाव्या हाताची बोटे सकाळी आखडलेली असतात आणि हात थरथरतो. घरचे म्हणतात, हे वय आहे का घण मारायचे, सोडून द्या. शेवटी त्यांनी विचारले होते, "स्वामीजी, आपण सांगाल ते करीन. सोडू की सोसू?"

आता माझी चूक ऐका. मी माझ्या बैठकीवर बसून, आयुष्यात कधी हातोडा न धरलेल्या हाताने, उत्तर लिहिले. नुलिया चंदय्या शरणांची कथा मला आठवली. दोर वळण्यासाठी तळ्याकाठी गवत कापताना त्यांचे इष्टलिंग पाण्यात पडले, तरी त्यांनी हातातले कायक सोडले नाही. मी लिहिले, "चंदय्यांचे स्मरण करा. कायकात देहाचा हिशेब करू नये. सोसणे हेच आपले तप." लिहून झाल्यावर मला ते पत्र चांगले वाटले, हेही लपवीत नाही.

पंधरा दिवसांनी त्या घरून दुसरे पत्र आले. ते त्यांच्या पत्नीने लिहिले होते. "स्वामीजींच्या चरणी शरणार्थ. आपले पत्र आल्यापासून हे थांबायलाच तयार नाहीत. रोज भट्टीवर जातात. काल सकाळी पूजेला बसले होते. डाव्या तळहातावर लिंग होते. हात थरथरू लागला आणि लिंग घसरले. मी शेजारीच होते, ओंजळ पुढे केली म्हणून ते माझ्या हातात आले. त्यानंतर हे दिवसभर जेवले नाहीत. स्वामीजी, यांना समजवा. माझे हे ऐकणार नाहीत, आपले ऐकतील."

सद्भक्तहो, ते पत्र मी दोनदा वाचले. ज्या हाताने ते भट्टीत सांडशी धरत होते तोच डावा हात त्यांचे पूजापीठ होता. त्या हाताला मी 'सोस' म्हणून सांगितले होते. दुसऱ्या दिवशी मी हैदराबादला निघालो. सोलापूरकडून जाताना वाटेत बसवकल्याणचा फाटा लागतो. एरवी तिथे मन भरून येते. त्या दिवशी मात्र मान खाली गेली.

त्यांना बरोबर घेऊन मी त्या कम्मरींच्या भट्टीवर गेलो. पत्र्याचे छप्पर, कोळशाची भट्टी, हाताने फिरवायचा भाता, लाकडाच्या ओंडक्यावर बसवलेली ऐरण. कम्मरी सत्तरीच्या पुढचे. मी म्हटले, "यांचा हात असा का झाला, ते मला दाखवा." ते हसले आणि आपल्या हैदराबादी बोलीत म्हणाले, "साब, लोहा गरम था तो ये सोच रे थे, ठंडा हुआ तो मार रे थे."

मग त्यांनी एकेक गोष्ट दाखवली. ती आपणही नीट ऐका, कारण ती केवळ लोहारांसाठी नाही.

पहिली गोष्ट तापाची. लोखंड भट्टीतून पिवळट नारिंगी निघते तेव्हा ते सुमारे १,००० ते १,१०० अंश सेल्सिअस तापलेले असते आणि हातोड्याखाली मऊ मातीसारखे हलते. काही क्षणांतच ते गडद लाल होते. त्यानंतर मारलेला घाव लोखंड घेत नाही, तो उलट हातात येतो. आपले भक्त पुन्हा भट्टीत घालण्याचा कंटाळा करीत आणि गार होत चाललेल्या लोखंडावर आणखी दहा-वीस घाव घालीत. त्यांना तो आपला उत्साह वाटे. वास्तविक लोखंड भट्टीत असते तेवढा वेळ हात मोकळा असतो. या कामाच्या पोटातच विश्रांती घातलेली आहे, आणि ती नाकारणाऱ्याचे लोखंडही बिघडते आणि हातही.

दुसरी गोष्ट हातोड्याची. लवकर काम व्हावे म्हणून यांनी दोन किलोचा हातोडा धरला होता. कम्मरींनी सांगितले होते, वर्षभर एक किलोच्या आतलाच चालवा. हातोडा आवळून धरायचा नसतो. ऐरण त्याला आपणहून वर उसळवते, त्या उसळीला वाट द्यायची असते. मूठ घट्ट आवळली की तो हिसका सरळ कोपरात जातो.

तिसरी गोष्ट उंचीची. उभे राहून हात सरळ खाली सोडावा आणि मूठ वळावी. मुठीची पेरे जिथे येतात तेवढ्या उंचीवर ऐरणीचा माथा असावा. ती फार खाली असेल तर कंबर मोडते, फार वर असेल तर खांदा. यांची ऐरण चार बोटे खाली होती. कम्मरी उंचीने लहान, ऐरण त्यांच्या मापाची. शिष्याने गुरूच्या ऐरणीवर काम केले, पण स्वतःच्या उंचीसाठी ओंडक्याखाली एक फळी घालण्याचे त्याला सुचले नाही.

चौथी गोष्ट त्या डाव्या हाताची. लोखंडाची पट्टी सुटू नये म्हणून यांनी सांडशी तासन् तास आवळून धरली होती. कम्मरींनी कोपऱ्यातून लोखंडाची एक साधी कडी उचलली आणि सांडशीच्या दोन्ही दांड्यांवरून पुढे सरकवली. सांडशीचे तोंड पट्टीवर घट्ट बसले. मग त्यांनी हात काढून घेतला. पट्टी तशीच धरलेली राहिली! ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी ही कडी यांना दिली होती. हे म्हणाले, माझ्या हातात जोर आहे."

आपले भक्त खाली पाहू लागले, आणि खरे सांगायचे तर मीही. जे काम एका कडीने होत होते ते आम्ही दोघे मिळून एका माणसाच्या हाडांकडून करून घेत होतो, आणि त्याला तप म्हणत होतो.

तेथून आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कोपराच्या दुखण्याला टेनिस एल्बो म्हटले. टेनिस न खेळणाऱ्यांनाच ते अधिक होते, असेही हसून सांगितले. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका दोरीसारख्या कंडरेने बांधलेले असतात. मूठ आवळून पुन्हा पुन्हा हिसके बसले की ती दोरी झिजते. स्नायूला रक्त भरपूर मिळते, तो काही आठवड्यांत बळकट होतो. कंडरेला रक्त कमी, ती सावकाश बळकट होते आणि दुखावली तर सावकाशच भरून येते, कधी कित्येक महिने लागतात. म्हणून नवशिक्याला पहिल्या महिन्यापेक्षा तिसरा महिना धोक्याचा. तोवर स्नायू म्हणतो, 'मी तयार आहे'. पण त्याला बांधणारी दोरी अजून तयार नसते.

डॉक्टरांनी दुखण्यांतला भेदही सांगितला. कामानंतर सगळे अंग दुखते आणि दोन दिवसांत उतरते, ते नव्या श्रमाचे दुखणे. त्याला भिऊ नये. एकाच जागी दुखते, प्रत्येक वेळी वाढते, रात्री झोपू देत नाही, बोटांना मुंग्या येतात किंवा ती बधिर होतात, ते दुखणे म्हणजे शरीराची हाक आहे. तिला ओ द्यावी. आणि छातीत दडपण आले, घाम फुटून हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर हातोडा तिथेच टाकून रुग्णालय गाठावे. त्यात तपाचा प्रश्नच येत नाही.

भक्तहो, चंदय्यांची कथा मी चुकीची वापरली होती. ती कथा मी पुन्हा आठवून पाहिली. चंदय्यांनी कायक थांबवले नाही, हे खरे. पण त्यांच्या हातून लिंग निसटले ते हात थकवून टाकल्यामुळे, असे कथा कुठेही सांगत नाही. आणि कथा तिथे संपतही नाही. मडिवाळ माचिदेव शरण मध्ये पडले, चंदय्यांची समजूत घातली आणि चंदय्यांनी लिंगाचा पुन्हा स्वीकार केला. म्हणजे कायक आणि लिंग यांची ताटातूट हा त्या कथेचा बोध नव्हे, त्यांची पुन्हा भेट हा बोध आहे. मी अर्धी कथा सांगितली, आणि अर्ध्या कथेने एका माणसाचा हात अर्धा केला.

मी संस्कृत शिकलो तेव्हा कुमारसंभवाचा पाचवा सर्ग आमच्या अभ्यासाला होता. पार्वती शिवासाठी घोर तप करीत आहे आणि ब्रह्मचाऱ्याच्या वेषात एक पाहुणा येतो. तो तिला विचारतो, तू हे तप आपल्या शक्तीच्या मापाने करतेस ना? कारण धर्माचे पहिले साधन शरीरच आहे. तो पाहुणा कोण होता? साक्षात् शिव. ज्याच्यासाठी तप चालले होते, त्यानेच येऊन आधी शरीराची चौकशी केली. हे मी तरुणपणी पाठ केले आणि साठीतल्या एका भक्ताला उत्तर लिहिताना विसरलो. पाठांतर आणि समज यांत एवढे अंतर असते.

महात्मा बसवेश्वरांनी आणि शरणांनी देहालाच देवालय मानले. देवालयाचा खांब तडकला असता 'खांबा, सोस' असे म्हणणारा पुजारी आपण पाहिला आहे का? तो आधी टेकू लावतो, मग गवंड्याला बोलावतो.

आता दुसरा प्रश्न. तो मला त्यांच्या मुलाने विचारला. "स्वामीजी, बाबांचे पोट पेन्शनवर चालते. मग लोहारकामाचा हा नाद म्हणजे कायक कसे? हा तर शौक." प्रश्न योग्य आहे. कायकात उपजीविका आहे, प्रामाणिक श्रम आहे आणि त्यातून दासोह आहे. शौकाला कायकाचे नाव फुकट देता येत नाही. पण मोळिगे मारय्या शरणांची परंपरेतील कथा आठवा. काश्मीरचा राजा राज्य सोडून पत्नी महादेवीसह कल्याणला आला आणि डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन विकू लागला. ज्या हातांनी कधी ओझे उचलले नव्हते त्यांनी उतारवयात मोळी बांधायला शिकावे, हे सोपे नव्हते. पहिल्या दिवशी त्यांचीही मान दुखली असेल. परंतु ते हौस म्हणून मोळीवाले झाले नाहीत. त्या ओझ्यावरच जगले आणि जंगमांना त्यातूनच जेवू घातले.

आपले भक्त तेवढे करू शकत नाहीत, आणि त्यांनी तसा आव आणू नये. मग त्यांच्या शौकाने काय करावे? याचे उत्तरही त्या भट्टीवरच मिळाले. कम्मरींनी बोलता बोलता आपली उजवी बाही वर केली. त्यांचा हात कोपरात सरळ होतच नाही. मी विचारले, "तुम्ही का नाही थांबलात?" ते म्हणाले, "हमकू रुकने का नसीब नै था, स्वामीजी. इनकू है, तो रुकना." म्हणजे, 'थांबण्याचे भाग्य आमच्या वाट्याला आले नाही, यांच्या वाट्याला आहे, तर यांनी थांबावे.'

वाचकहो, या एका वाक्यापुढे माझे सारे पत्र फिके आहे. आपल्या गावोगावी घिसाडी येतात. रस्त्याच्या कडेला पाल ठोकतात. नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बायको घण मारते. लेकरू बाजूला झोळीत असते. त्यांच्याकडून विळी-खुरपी घेताना आपण पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. त्या बाईच्या खांद्याचा हिशेब आपण कधी केला आहे का? ज्याने तीन महिने हातोडा चालवला त्याला तरी तो करता यायला हवा. शौकाने दुसऱ्याच्या श्रमाची किंमत कळली, तर तो शौक कायकाच्या उंबरठ्यापर्यंत आला असे मी म्हणेन.

आपल्या भक्तांकडून इथेही एक चूक झाली होती. हौसेने बनवलेली खुरपी ते शेजारच्या बागवाल्यांना फुकट वाटत. दान करतो आहोत असे त्यांना वाटे. कम्मरी काही बोलले नाहीत, पण ते बागवाले त्यांचेच गिऱ्हाईक होते. हे कळले तेव्हा मला आयदक्की लक्कम्मांची आठवण झाली. पती मारय्या रोज सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक आणले. लक्कम्मांनी ते परत टाकून यायला सांगितले. आपल्या गरजेपुरते आपले, वरचे आपले नव्हे. तांदूळ असोत, गिऱ्हाईक असो की अंगातला उत्साह असो, मापाबाहेर उचललेले सर्व लक्कम्मांच्या न्यायाने परत करावे लागते. कामाचासुद्धा लोभ असतो, भक्तहो! तो धर्माचे वस्त्र पांघरून येतो म्हणून ओळखू येत नाही.

हैदराबादच्या या भूमीला लोखंडाचे मोठे ऋण आहे. उत्तरेकडे निजामाबाद भागात कोनसमुद्रम् नावाचे गाव आहे. तेथे मातीच्या बंद मुशीत लोखंड कित्येक तास तापवून आणि सावकाश निववून पोलाद तयार करीत. ते विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी त्या खेड्यापर्यंत येत. वॉयसी नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने ते काम पाहून लिहिलेले वर्णन १८३२ साली छापले गेले. पोलादाला कन्नड-तेलुगूत 'उक्कू' म्हणतात. त्यावरूनच युरोपात या पोलादाला 'वूट्झ' हे नाव पडले, असे मानतात. युरोपातील लोहारांना हे पोलाद घडवणे अवघड गेले. ते आपल्या सवयीने त्याला फार तापवीत आणि जोराने ठोकीत. मग त्याचे तुकडे पडत. त्याला मंद ताव आणि हलका, धीराचा हात लागे. जगातले उत्तम पोलादही जोराने घडले नाही, मापाने घडले. त्या तलवारी बाळगणाऱ्या राजांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. त्या भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या कम्मरींची बहुतेक नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

त्या दिवशी निघण्यापूर्वी कम्मरींनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. छिन्नी लाल करून त्यांनी पाण्यात बुडवली. चर्र आवाज झाला. लोहार याला पाणी देणे म्हणतात. मी म्हटले, "आता ही पक्की झाली." ते म्हणाले, "आता ही कडक झाली, पक्की नाही. ऐरणीवर आपटली तर काचेसारखी फुटेल." मग त्यांनी तिचे टोक घासून चकचकीत केले आणि ती पुन्हा मंद आचेवर धरली. टोकावर आधी गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढला, मग तांबूस, मग जांभळा. जांभळा येताच त्यांनी ती काढली. हा ताव साधारण २०० ते ३०० अंशांचा, पहिल्या तापाच्या मानाने अगदी थोडा. त्याने कडकपणा जरासा उतरतो आणि त्या बदल्यात पोलाद चिवट होते. मग ती छिन्नी वर्षानुवर्षे घाव सोसते.

व्रत, नियम, निश्चय यांनी माणूस कडक होतो. तेवढ्यावर थांबला तर तो कधीतरी फुटतो, किंवा मी केले तसे दुसऱ्याला फोडतो. त्याला दयेचा मंद ताव द्यावा लागतो. स्वतःच्या देहावरची दयाही त्यातच आली. दया हे धर्माचे मूळ अशी बसवण्णांची शिकवण आपण सांगतो. त्या दयेतून फक्त आपलेच शरीर वगळा, असे त्यांनी कुठे सांगितले आहे?

आपले भक्त दोन महिने थांबले. त्या काळात डावे कोपर उशीवर टेकवून ते पूजा करीत. "हे चालेल का?" असे त्यांनी भीत भीत विचारले. मी म्हटले, "टेकू घेतलेल्या हाताची पूजा उणी नसते." भट्टीवर मात्र ते जात राहिले, भाता फिरवण्यासाठीही नव्हे, तर कम्मरींची उधारी-वसुली लिहून देण्यासाठी. बँकेतला हात तिथे कामी आला. आता ते आठवड्यातून दोनदा, ऊन चढण्याआधी तासभर हातोडा धरतात. हातोडा हलका, ओंडक्याखाली फळी, कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा, शेजारी पाण्याचा तांब्या. लोखंड गडद लाल झाले की ते थांबतात. शिकवणीचे पैसे दरमहा देतात. खुरपी फुकट वाटणे बंद केले. कोणी मागितले तर कम्मरींकडे पाठवतात. मठाच्या दासोहगृहासाठी त्यांनी दोन उलथणी घडवून दिली. गेल्या श्रावणात त्याच उलथण्यांनी भाकरी उलटल्या गेल्या.

हात पूर्ण बरा झाला आहे असे नाही. थंडीत कोपर अजून बोलते. पण सकाळी तळहातावर लिंग घेतले की तो हात आता स्थिर राहतो, असे त्यांच्या पत्नींनी कळवले आहे. ते पत्र मी जपून ठेवले आहे. माझ्या त्या पहिल्या पत्राची प्रतही त्याच्या शेजारीच ठेवली आहे, पुन्हा कोणाला 'सोसा' असे लिहिण्याआधी दिसावी म्हणून.

सद्भक्तहो, आपल्यापैकी कोणी शेतात राबत असेल, कोणी शिलाई यंत्रावर वाकत असेल, कोणी सेवानिवृत्तीनंतर नवी विद्या शिकत असेल. जरूर शिका, शिकायला वयाची आडकाठी नाही. पण रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा. आज मी गार लोखंडावर किती घाव घातले? आणि जी कडी कोणीतरी मला पहिल्याच दिवशी दिली होती, ती मी कोणत्या कोपऱ्यात टाकली आहे?

आणि ज्यांच्या नशिबी थांबणे नाही, त्यांच्याकडून काही घेताना भाव पाडू नका. शक्य असेल तर त्यांच्या ऐरणीखालीही एक फळी सरकवा. तोच त्यांचा दासोह.

आपणा सर्वांच्या हातांना बळ आणि त्या बळाला माप लाभो, हीच श्रीगुरू बसवेश्वरांच्या चरणी प्रार्थना.

शरणु शरणार्थ.